पांढऱ्या धाग्याचा कोष

बाईंच्या फाटकातून आत येणाऱ्या माणसाला आधी दोन्ही हात पुढे करावे लागत. पाऊस सुरू झाला की हा नियम लागू होई आणि दिवाळी आटोपेपर्यंत चाले. पोस्टमन असो, गॅसचा माणूस असो, मतं मागायला आलेला उमेदवार असो, सगळ्यांना तोच. बाई चष्मा कपाळावर सारत, तळहात बघत आणि वाकून त्यांचा वास घेत.

"तंबाखू?"

"नाही हो बाई."

"अगरबत्ती?"

"सकाळी लावली होती."

मग नळाकडे बोट. नळापाशी कपड्यांच्या साबणाचा तुकडा असे, कारण अंगाच्या साबणाला वास असतो. हात धुऊन झाले की पुन्हा वास. त्यातून जो पास होई त्याला बाई अंगणातल्या अर्जुनाच्या झाडाखाली नेत आणि एक हिरवीगार अळी उचलून फांदीवर ठेवायला सांगत. ज्या डहाळीवर ती ठेवली तिथे एक रंगीत धागा बांधत. धागे बाईंच्या जुन्या साड्यांचे असत. एका माणसाला एक रंग. शेजारी म्हणत, "बाईंकडचा चहा महाग. आधी अळी सरकवावी लागते."

मी त्यांच्या घरात वरच्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहत होते. घर बोपोडीत, मुळा नदीच्या बाजूला. बाईंचे यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, ते मी येण्याच्या बऱ्याच आधी वारले होते. मूलबाळ नव्हतं. बाई खडकीतल्याच एका शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, पण बोलणं इतकं पुण्याचं झालेलं की ते ओळखू येत नसे. जगात सगळ्यांना त्या 'अहो' म्हणत. शाळेत पाचवीतल्या मुलालाही म्हणत असत, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगत. मांजरालाही म्हणत, ते मी स्वतः ऐकलं आहे. "अहो, उठा तिथून."

मी औंधच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. पुण्यात तेव्हा अशा कंपन्या भराभर उघडत होत्या आणि मराठी माध्यमातून एम. ए. झालेल्या मुलीलाही इंग्रजी बरं असलं तर तिथे जागा मिळे. कुठलं बटण दाबलं की काय होतं, हे लिहायचं माझं काम होतं. बाईंनी ते समजून घेतलं.

"म्हणजे लोक हे वाचून बटण दाबतात?"

"नाही. दाबतात आणि अडलं की वाचतात."

"आणि नाही अडलं तर?"

"तर कोणीच वाचत नाही."

"चांगली नोकरी आहे," बाई म्हणाल्या. "चुका सापडायच्या नाहीत."

त्या अळ्या टसर रेशमाच्या होत्या. बाईंच्या भागात त्याला कोसा म्हणतात. साडीच्या दुकानात आपण ज्याला रेशीम म्हणतो ते तुतीचा पाला खाऊन घरात टोपल्यांत वाढणारं. हे तसं नाही. ह्या अळ्या उघड्यावर, झाडावर वाढतात. तिकडे ऐनावर आणि अर्जुनावर. अंडी पानांच्या द्रोणात ठेवून द्रोण फांदीला बांधायचा, सकाळी अळ्या फुटतात, स्वतःचं कवच खातात आणि आपणहून पाल्यावर चढतात. मग खात सुटतात. वाढतात तशी कातडी तंग होते आणि त्या ती टाकतात. कात टाकण्याआधी दिवसभर मान वर करून निश्चल बसतात. शेजारच्या आजी एकदा हात जोडून म्हणाल्या, "ध्यानाला बसलीय हो." बाई म्हणाल्या, "ध्यान नाही. ब्लाउज घट्ट झालाय."

मोठी अळी माणसाच्या मधल्या बोटाएवढी होते. कुशीवर चांदीचे चकचकीत ठिपके. मग एके दिवशी ती खायचं थांबवते आणि आधी डहाळीभोवती रेशमाची कडी करते, त्या कडीला देठ, आणि देठाला लोंबता कोष. कोष कवठाच्या कवचासारखा टणक, आकारानं छोट्या अंड्याएवढा. फळच वाटतं. त्यात ती थंडी आणि उन्हाळा झोपून काढते. पावसाच्या सुमाराला आतला पतंग पाणी सोडून कोषाचं देठाकडचं टोक भिजवतो आणि बाहेर येतो. बशीएवढे पंख, प्रत्येक पंखावर काचेसारखा आरपार दिसणारा गोल. एवढा देखणा जीव आठवडाभरच जगतो, कारण त्याला खायला तोंडच नसतं. जे खायचं ते अळी असताना खाऊन झालेलं असतं. मादी एका जागी बसून राहते आणि तिच्या वासावर नर लांबून येतो. अंडी घालून झाली की संपलं. रेशीम हवं तर पतंग निघण्याआधी कोष उकळावे लागतात. बाईंनी एकही कोष कधी उकळला नाही. रेशमाशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

कर्तव्य होतं नियमांशी. बाईंच्या गावी अळ्या झाडावर असताना पाळायचे पुष्कळ नियम होते आणि बाई ते एकेक करून तपासत होत्या.

"मोठ्यानं बोलायचं नाही, हा तपासून झाला," मी राहायला आले तेव्हा त्या म्हणाल्या. "खोटा निघाला."

"कसा तपासलात?"

"एका फांदीखाली उभं राहून रोज पेपर वाचला. मोठ्यानं. अग्रलेखासकट."

"मग?"

"अळ्यांना काही झालं नाही. शेजारी तक्रार घेऊन आले."

फोडणी द्यायची नाही, हा मात्र खरा निघाला होता, निदान धुरापुरता. त्यामुळे पावसाळ्यात त्या घरात बिनफोडणीचं वरण असे आणि वरच्या खोलीत मीही तेच खाई. हाताच्या नियमाची तपासणी मी आले तेव्हा चालू होती. झाडावर शेजाऱ्यांचे, विद्यार्थ्यांचे, भंगारवाल्याचे, माझा डाळिंबी, असे कितीतरी धागे होते. बहुतेक डहाळ्यांवर कोष होत. एखाद्याची अळी नाहीशी झाली आणि त्यानं विचारलं, तर बाईंचं उत्तर ठरलेलं. "मुंग्यांनी नेली." हाताला त्यांनी कधी बोल लावला नाही.

दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या होत्या. बाई स्वतः अळीला बोट लावत नसत. एका फांदीवरचा पाला संपला तर अळीसकट डहाळी कापून दुसरीकडे अडकवत. आणि धाग्यांच्या डब्यात एक पांढरा धागा होता, पौर्णिमेला नेसायच्या पांढऱ्या पातळाचा. तो कोणालाच मिळाला नव्हता. "हा कोणाचा?" मी विचारलं होतं. "अजून कोणाचा नाही," बाई म्हणाल्या आणि डबा मिटला.

भाद्रपदात गौरी-गणपती उरकून आई वाईहून माझ्याकडे आली. फाटकात तिचे हात हुंगले गेले, ते दोनदा धुवावे लागले, केसाच्या तेलाचा वास येतो म्हणून पदर डोक्यावरून घ्यावा लागला. आईचं सगळं आयुष्य सोवळ्याच्या घरात गेलेलं. वर खोलीत येऊन ती खाटेवर बसली आणि म्हणाली, "हात धू, पाय धू, शिवू नको. म्हणजे आता सोवळं *यांच्याकडून* शिकायचं!"

'यांच्याकडून' हा शब्द तिनं कसा उच्चारला, ते लिहून दाखवता येत नाही. त्या घरातल्या भिंतीवरच्या तसबिरी तिनं येतायेता पाहिल्या होत्या. मी हसले. आईला बरं वाटावं म्हणून हसले, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे.

जिन्यावर बाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"पत्र्याची खोली आहे," त्या म्हणाल्या. "आवाज थांबत नाही तिच्यात." ट्रे त्यांनी स्टुलावर ठेवला. "साखर वेगळी ठेवलीय. चहा झाला की खाली या. एक अळी तुमच्या हातानं ठेवायची आहे."

आईनं कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा प्याली. झाडाखाली डास फार होते म्हणून खाली जाताना मी तिच्या दंडाला डासांचं मलम चोळून दिलं. खाली बाईंनी तिला पुन्हा हात धुवायला लावले, वास घेतला, मान हलवली. मलम तळहाताला नव्हतंच. झाडापाशी जाईपर्यंत आईला डास चावला आणि तिनं दंड खाजवला. ते मी पाहिलं. त्यात काही आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

अळी तिनं घाबरत घाबरत उचलली आणि तिचा चेहरा एकदम बदलला. "अगंबाई! किती गार आहे ही!"

बाईंनी तिच्या डहाळीला पोपटी धागा बांधला.

"म्हणजे ही माझी का?"

"तुमची. आता तुम्ही वाईला जा. ती तिचं बघेल."

दुसऱ्या दिवशी आई पहाटेच्या गाडीनं गेली. मी ऑफिसला निघाले तेव्हा बाई झाडाखाली उभ्या होत्या. पोपटी धाग्यापाशी अळी मागच्या पायांवर उलटी लोंबत होती, आकसलेली, तोंडातून हिरवं पाणी गळत होतं. मी दंडाची आणि मलमाची गोष्ट सांगितली. बाई ऐकत होत्या, पण बघत दुसरीकडेच होत्या. आजूबाजूच्या डहाळ्यांवर बाकीच्या अळ्या पानं कुरतडत होत्या. कान दिला तर तो आवाज ऐकू येई.

"एकच मेली," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला ते सांगितलं. त्यापूर्वी कोणाला सांगितलं होतं की नाही, माहीत नाही. त्यांच्या गावात कोसा काढणाऱ्यांच्या झाडांजवळ बाईंच्या वस्तीतल्या माणसांना जायची मनाई होती. सावली पडली तरी पीक जातं, असं म्हणत. बाई लहान असताना एकदा शाळेतून येताना ऐनाखाली पडलेली एक अळी त्यांना दिसली आणि त्यांनी ती उचलून परत फांदीवर ठेवली. कोणीतरी पाहिलं. संध्याकाळी ती अळी मेली. त्यानंतर पाऊस लागून राहिला, अळ्यांवर रोग आला आणि सगळ्या जंगलातलं पीक काळं पडून लोंबू लागलं. दोन्ही गोष्टी गावानं एकत्र बांधल्या. वडलांना सगळ्यांपुढे बसवून विचारलं गेलं. त्यानंतर त्यांनी मुलीला नागपूरला नातेवाइकांकडे धाडून दिलं. शिक्षण झालं ते त्यामुळे.

"आमच्या घरी विड्या वळत," बाई म्हणाल्या. "शाळेतून आलं की आणि जायच्या आधी, मीही वळायची. बोटांना तंबाखू. कॉलेजात गेल्यावर कळलं की अळीला मरायला तेवढी पुरते."

"मग तुम्हाला माहीत होतं."

"ती एक कशानं मेली ते माहीत होतं. बाकीच्या माझ्यामुळे नाही मेल्या, हेही माहीत होतं. शिकवलंय मी ते मुलांना, पावसाळ्यातला रोग." त्या थांबल्या. "माहीत असणं वेगळं. एकीच्या मरण्यानं बाकीच्यांना काही होत नाही, हे बघायला आधी कोणाच्या तरी हातून एक मरायला हवी होती. मी मुद्दाम कशी मारणार?"

मग त्या आत गेल्या. नळापाशी कितीतरी वेळ हात धूत राहिल्या. परत आल्या तेव्हा हातात पांढरा धागा होता. त्यांनी एक अळी दोन बोटांत धरली. अळी डहाळीवर ठेवून त्यांनी धागा बांधला, गाठ सुटली, पुन्हा बांधला. "ऑफिसला उशीर होतोय तुम्हाला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

पांढऱ्या धाग्याची अळी जगली. बाई रोज सकाळी उठून आधी तिथे जात. तिनं कडी विणायला घेतली त्या दिवशी त्यांनी शेजारच्या आजींना बोलावून दाखवलं आणि आजींनी हात जोडले तर काही बोलल्या नाहीत.

इकडे आई फोनवर विचारी, "माझी अळी काय म्हणतेय?" मी "बरी आहे" म्हणत राहिले. खरं सांगायचं तर मलमाचं सांगावं लागलं असतं, आणि मग त्या दुपारचं सगळंच निघालं असतं.

दिवाळीनंतर आई चकल्यांचा डबा घेऊन आली आणि थेट झाडापाशी गेली. पाला विरळ झाला होता, कोष चिकूसारखे लटकले होते. ती प्रत्येक डहाळी बघत फिरली.

"माझा पोपटी धागा नाही दिसत कुठे."

मी बाईंकडे बघितलं.

"गेली असेल," आई म्हणाली आणि हसली. "माझ्या हाताला यश नाहीच मुळी. बाई, तुम्हाला सांगते, लग्न होऊन आले त्या वर्षी मी घातलेलं लोणचं नासलं. बुरशी आली वरपर्यंत. त्यानंतर सासूबाईंनी बरणीला हात लावू दिला नाही मला. त्या गेल्या तरी मी नाही लावला. विकतचं आणते. आता कोण बोलणार आहे, पण नाही लावत." ती अजून हसत होती, पण हात तिनं पदराआड घेतले होते.

'मुंग्यांनी नेली' हे बाईंच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्या आत गेल्या, कात्री घेऊन आल्या आणि पांढऱ्या धाग्याची डहाळी कापून त्यांनी आईच्या ओंजळीत ठेवली.

"ही तुमची."

"पण धागा पोपटी होता ना?"

"विटला पावसात."

"इतका? पार पांढरा?"

"सेलमधली साडी होती," बाई म्हणाल्या.

आई गेल्यावर मी म्हणाले, "बाई, तो तुमचा होता."

"होता."

"मग दिलात कशाला?"

"मला बघायचं होतं ते बघून झालं. ठेवून काय करू?" पुढच्या वर्षी त्यांनी अंडी धरली नाहीत. फाटकात हात हुंगणं बंद झालं, घरात फोडणी सुरू झाली. लोक म्हणाले, बाई थकल्या.

वाईला तो कोष आईनं देवघरातल्या खुंटीला लावला. जूनमध्ये एका संध्याकाळी तिचा बाईंना फोन आला. पतंग निघाला होता, त्याला केळं द्यावं का? "काही देऊ नका," बाई म्हणाल्या. "तोंड नाही त्यांना. खिडकी तेवढी उघडी ठेवा." सकाळी खिडकीत नर येऊन बसलेला होता. आईनं दोघांना नेऊन कृष्णेकाठच्या अर्जुनावर सोडलं. रिकामा कोष देवघरातच राहिला, धाग्यासकट.

त्या वर्षी आईनं लोणचं घातलं. ते टिकलं. मग ती दरवर्षी घालू लागली, आळीतल्या घरांना वाटू लागली आणि एक बरणी बोपोडीला जाऊ लागली. बाई ते खात आणि फोनवर सांगत, "टिकतं हो तुमचं." येणाऱ्याजाणाऱ्याला आई कोष दाखवी आणि म्हणे, "माझ्या हातचा आहे. सोवळ्यातला हात, लागला तो." मी तिथे असले तर उठून आत जाई. खरं सांगितलं असतं, तर आईच्या हातून अळी मेली हे सांगावं लागलं असतं. नाही सांगितलं, तर बाईंचा हात आईच्या सोवळ्याला पुरावा म्हणून देवघरात टांगलेला राहत होता. मी नाही सांगितलं. बाईंच्या कानांवरही ते वाक्य गेलं असणार. आई फोनवर काय काय बोलत असेल, ते मी कधी विचारलं नाही.

बाई गेल्या वर्षी वारल्या. शेवटी त्यांचे थोरले भाऊ गावाहून येऊन त्यांच्याजवळ राहिले होते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आईला घेऊन गेले. आई आता काठीनं चालते. खालच्या खोलीत पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीनं बसली होती. वंदना झाली, दोनचार विद्यार्थी बोलले. मग आईनं बोलायचंय म्हणून हात वर केला. पर्समधून रुमाल काढला, रुमालातून कोष.

"बाईंनी मला हा दिला," ती म्हणाली. "मी ठेवलेल्या अळीचा. सगळ्यांच्या अळ्या काही जगत नसत. पण आमच्या घरात सोवळंओवळं कडक ना, त्याचा गुण हातात उतरतो. बाईंनी ते ओळखलं."

तिच्या मनात प्रेमच होतं. एका बाईनं मांडीवरच्या मुलाचे केस सारखे केले. मला जमिनीत जावंसं वाटलं, आणि जमीनही त्यांचीच होती.

भाऊंनी हात पुढे केला. आईनं कोष त्यांना दिला. त्यांनी तो खिडकीकडे धरून फिरवला, देठाजवळच्या धाग्यावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"पांढरा धागा कोनाचा होय, ताई?"

आई म्हणाली, "पोपटी होता, विटला तो."

"बाईंचा," मी म्हणाले.

"तिनं सोता हात लावला?"

"हो. माझ्यासमोर."

"अन् जगली?"

"जगली. ही तीच."

भाऊंनी डोळे मिटले. कोष त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला, जसं काही तो उडून जाईल. मग उठून त्यांनी तो बाईंच्या फोटोपुढे, मेणबत्तीपासून जरा लांब ठेवला. परत द्यायचा आहे हे त्यांना सुचलं नाही, आणि ते सुचवणारं तिथे कोणी नव्हतं. आई मोकळा रुमाल तळहातावर पसरून तशीच बसली होती.

रिक्षात, खडकी स्टेशन मागे पडलं तेव्हा तिनं रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मग माझी कुठे गेली गं?" तिनं विचारलं.

"मुंग्यांनी नेली," मी म्हणाले.